उंच केलेली गाडी

मणक्याचं ऑपरेशन होऊन डॉक्टरबाई घरी परतल्या, तेव्हा फाटकाशी उभी असलेली स्वतःची गाडी त्यांना क्षणभर ओळखूच आली नाही. तीच जुनी, चौकोनी, हिरवा रंग विटलेली गाडी. पण आता ती टाचा उंचावून भिंतीपलीकडे डोकावणाऱ्या माणसासारखी दिसत होती. चाक आणि मडगार्ड यांच्या मधून मांजर आरामात गेलं असतं.

"कशी वाटली?" मुलानं विचारलं. चेहऱ्यावर वर्गात पहिला आलेल्या पोराचा भाव. "आता बसताना वाकायला नको, उतरताना जोर लावायला नको. नुसतं बाजूला सरकायचं की बसलीस. तू हॉस्पिटलात होतीस तेवढ्यात करून घेतली."

डॉक्टरबाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. हेतू चांगला होता यात काही वादच नाही. पुढे जे झालं ते चांगल्या हेतूनंच झालं, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं इतकं अवघड गेलं.

डॉक्टरबाई जनावरांच्या डॉक्टर. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी टेकड्यांवरचे गोठे त्यांनी सोडले नव्हते. शहरातला नवा डॉक्टर हुशार होता, पण तो कुत्र्या-मांजरांचा. आणि अडलेली गाय काही रिक्षात घालून त्याच्याकडे नेता येत नाही. तिथे कुणीतरी जावं लागतं, आणि जाणाऱ्याकडे दगडधोंड्यांतून चढणारी गाडी लागते. डॉक्टरबाई आणि त्यांची गाडी, असं ते एकच नाव होतं त्या भागात. नवरा गेल्यावर तर गाडी हेच त्यांचं हक्काचं माणूस उरलं होतं. घरात मुलगा होता, त्याचं फरशांचं दुकान होतं. सून होती, अबोल, पण डोळे उघडे ठेवणारी. आणि मुलगी दूरच्या शहरातून फोनवर हुकूम सोडत असे.

सर्जननं गाडी चालवायची परवानगी दिली, ती एका अटीवर: "हादरे टाळा."

पहिल्याच दिवशी घराजवळच्या स्पीडब्रेकरवर गाडी चढली आणि उतरताना पुढून 'खट्' असा आवाज आला. लोखंडावर हातोडा बसावा तसा. तो आवाज कानात शिरायच्या आधी कमरेत शिरला. डॉक्टरबाईंनी ओठ आवळले आणि गाडी पुढे काढली. खड्डा आला की खट्. नाल्यावरचा फरशीपूल आला की खट्. जिथे गाडी पूर्वी जरा डोलून पुढे जायची, तिथे आता ती अंग टाकून आपटत होती. गोठ्यावर पोचेपर्यंत त्यांना घाम फुटला, आणि घरी आल्यावर त्या सरळ फरशीवर आडव्या झाल्या. सुनेनं न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून पाठीखाली सरकवली.

असं दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. मग घरात बैठक बसली. मुलगा समोर, मुलगी फोनवर.

"आई, पाठ काय सांगते ते ऐक आता," मुलगा म्हणाला.

"मी कधीपासून सांगतेय," फोनमधून मुलगी म्हणाली. "विकून टाका ती गाडी. आणि आई, तू जरा घरी बस की! माणसं निवृत्त होतात ती कशाला?"

"माणसं काय करायचं ते करोत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पण दुखतंय ना तुला?"

"दुखतंय."

"मग झालं तर!"

दुखत होतं हे खरंच होतं, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या रात्रभर तळमळल्या नाहीत, त्यांना झोप चांगली लागली. पण सकाळी उठल्या त्या मनातून खचूनच. आरशासमोर उभ्या राहून त्यांनी स्वतःच्या पाठीकडे वळून पाहिलं, जणू ती फितूर झाली होती.

त्या दिवशी टेकडीवरच्या दूधवालीचा निरोप आला. तिच्या एका गाईची कास सुजली होती. गाडी काढायची हिंमत नव्हती, म्हणून डॉक्टरबाईंनी तसं स्पष्टच सांगितलं. दूधवाली म्हणाली, "मग मी येते न्यायला, बाई. गाय काय तुमच्या पाठीसाठी थांबणार नाही."

ती आली ती तिच्या दुधाच्या टेम्पोतून. टेम्पोचं दार दोरीनं बांधलेलं, सीटमधून स्पंज बाहेर डोकावणारा, आणि आवाज असा की शेजारी बसलेल्याला ओरडून बोलावं लागे. डॉक्टरबाई मनाची तयारी करून बसल्या. तोच रस्ता, तेच खड्डे, तोच नाला. टेम्पो खडखडला, डुलला, कण्हला. गोठ्यापाशी उतरल्यावर डॉक्टरबाई उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवला आणि तशाच थांबल्या.

"काय झालं? दुखतंय?" दूधवालीनं विचारलं.

"नाही ना! तेच तर झालं."

गाईला औषध दिलं, कास धुतली, आणि टेम्पोतूनच त्या परत आल्या. घरी आल्या आणि मुलाच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक समोर असताना, म्हणाल्या, "माझी पाठ ठीक आहे. गाडी बिघडली आहे."

मुलानं गिऱ्हाइकाकडे ओशाळं हसून पाहिलं. आईला बाजूला नेऊन तो म्हणाला, "आई, गाडी तीच आहे. नुसती उंच केलीय. उंच गाडी थोडी कडक होतेच, सगळ्यांना माहीत आहे. लोक मुद्दाम करून घेतात. तरुण माणसाला काही वाटत नाही त्याचं. वयाचं असतं हे."

"म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! गाडी आपटते आणि म्हातारी मी?"

"रविवारी एक जण बघायला येतोय गाडी. मी शब्द दिलाय त्याला."

"माझ्या गाडीचा शब्द तू कसा दिलास?"

"कारण तू देणार नव्हतीस!" मुलाचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर मी बसलो होतो, आई. तू नव्हतीस तिथे."

त्यावर डॉक्टरबाई दुकानातून बाहेर पडल्या. पण बाहेर पडणं वेगळं आणि कबूल होणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी काढली आणि पायी चालल्यासारखी हळू चालवत शिट्टीमास्तरच्या गॅरेजात नेली.

शिट्टीमास्तर हा मधल्या वयाचा मेकॅनिक. काम करताना सतत शीळ घालायचा, म्हणून हे नाव. गाडी उंच त्यानंच केली होती. डॉक्टरबाईंनी तक्रार सांगताच त्यानं हात झटकले. "बाई, तुमच्या चिरंजीवांनी सांगितलं, मी केलं. बोल्ट आवळला की टॉर्शन बारला पीळ बसतो, पीळ बसला की बार कडक होतो, गाडी वर जाते. वर जायची तर कडक होणारच. फार वाटत असेल तर मऊ बार मागवू."

या गाडीच्या पुढच्या चाकांना गोल स्प्रिंग नव्हती. तिच्या जागी दोन्ही बाजूंना एकेक लांब पोलादी दांडा होता, पीळ खाऊन गाडीचा भार तोलणारा. तोच टॉर्शन बार.

"दांडा बदललात का तुम्ही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही. तोच आहे."

"मग तो जाड झाला का?"

"जाड कसा होईल?"

"गाडीचं वजन वाढलं?"

"नाही."

"मग तेवढ्याच वजनानं तो तेवढाच पिळला जाणार. कडक कुठून झाला?"

मास्तर जरा चिडून म्हणाला, "बाई, मी आयुष्यभर हेच करतोय. सगळे हेच सांगतात."

"सगळे मला म्हातारीही सांगतात. जरा बसा बघू त्या बंपरवर."

मास्तर नाइलाजानं पुढच्या बंपरवर बसला. गाडीचं नाक खाली गेलं, मऊ, अगदी पूर्वीसारखं. तो उठला, नाक वर आलं. त्यानं पुन्हा बसून पाहिलं. पुन्हा तसंच. "दाबायला तर मऊच आहे," तो पुटपुटला.

"दाबायला मऊ आहे. आता उलटं बघू. उचला."

त्यानं चेसिसखाली जॅक लावला. मागच्या बाजूला लावून पाहिला तेव्हा गाडीचं अंग बरंच वर आलं, तरी चाक जमिनीला चिकटूनच होतं. मागच्या स्प्रिंगचे पाटे सैल होत होत ते खाली येत राहिलं. पुढे लावला तर जॅकचा दांडा जेमतेम फिरला, अंग बोटभर उचललं गेलं, आणि चाक जमिनीवरून सुटलं. टक्.

शीळ थांबली.

मास्तर गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यात उतरला, डॉक्टरबाईंनी वरून बॅटरी धरली. चाकाला धरणारा लोखंडी हात पार खाली गेला की ज्या रबरी गट्टूला टेकतो, तो गट्टू कुरतडल्यासारखा झाला होता. हात आणि गट्टू यांच्यात नखही गेलं नसतं.

"मास्तर, वर या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या पायरीवरून खाली उडी मारा. गुडघे न वाकवता."

"दात पडतील की!"

"तेच म्हणते मी. तुमचे पाय कडक नाहीत. पण ताठ उभे केले तर त्यांना हलायला जागाच नाही. खड्डा आला की चाकाला खाली जायचं असतं. तुम्ही ते आधीच तळाशी नेऊन ठेवलंय. मग खड्ड्यात चाक एकटं जात नाही, अख्खी गाडी घेऊन जातं, आणि सोबत मला."

मास्तर डोक्याला हात लावून हसला. "आणि मी लोकांना मऊ बार विकत होतो!"

त्यानं पाना घेतला. बोल्ट सैल होत गेला तशी गाडी हळूहळू टाचा टेकू लागली. मागच्या पाट्यांखाली घातलेले ठोकळेही त्यानं काढले. पूर्वी होती तिथवर आल्यावर तो थांबला.

"अजून खाली," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बाई, एवढी बरोबर आहे."

"अजून खाली घ्या. खाली जागा पाहिजे ना चाकाला? मग भरपूर देऊ."

मास्तरनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि निमूट फिरवलं. दोघं गाडी घेऊन नाल्यापर्यंत गेले. खड्डे आले, गेले. डॉक्टरबाई विजयी मुद्रेनं मास्तरकडे बघत होत्या. नाल्याच्या फरशीवर गाडी चढली आणि 'धप्प!' असा दणका बसला, आधीच्या खट्पेक्षाही दांडगा. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"हा दुसरा गट्टू," मास्तर अत्यंत नम्रपणे म्हणाला. "चाक वर जाताना लागतो तो. ताठ उभं राहून उडी मारली तर दात पडतात. उकिडवं बसूनही उडी मारता येत नाही, बाई."

"बोलला नाहीत आधी!"

"बोललो होतो."

डॉक्टरबाईंना हसू फुटलं, आणि हसताना कमरेत कळ आली, त्यामुळे शिवीही. परत गॅरेजात येऊन गाडी पहिल्या जागी आणली, आणि तिथूनही जराशी वर, कारण टेकडीवर दगड मोठे. वर जागा, खाली जागा. कुरतडलेले गट्टू बदलले, शॉकअप तपासले, उंची बदलल्यामुळे वाकडी झालेली चाकं सरळ करून घेतली. पुन्हा नाल्यापर्यंत गेले. गाडी चढली, डोलली, उतरली.

एवढंच. डॉक्टरबाईंनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मास्तर खिडकीबाहेर बघू लागला. त्या रडत होत्या, आणि ते त्याला कळू नये असं त्यांना वाटत होतं, हे त्याला कळलं.

एक तोटा मात्र झाला. गाडीत चढणं पुन्हा अवघड झालं. सीट खोल, वाकून शिरावं लागे. मास्तरनं दाराच्या वर पकडायला एक जाड पट्टा बसवून दिला. हातानं लोंबकळत, तोंडानं पुटपुटत डॉक्टरबाई आत शिरायला शिकल्या. ते दृश्य शोभिवंत नव्हतं.

रविवारी गाडी बघणारा आला. सफेद बूट, हातात किल्ल्यांचा जुडगा. मुलानं त्याला अंगणात आणलं आणि गाडी पाहून मुलगाच चमकला. "ही खाली कशी आली?"

"मी आणली," डॉक्टरबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"पण ह्यांना उंच गाडी हवी होती, आई! मी तसं सांगितलं होतं."

"मग ह्यांनी उंच गाडी घ्यावी. ही माझी आहे."

सफेद बूटवाला एकदा आईकडे, एकदा मुलाकडे बघू लागला. सुनेनं त्याला पाणी आणून दिलं. तेवढ्यात फोन वाजला. दूधवाली होती. तिची दुसरी गाय सकाळपासून कळा देत होती आणि वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता.

डॉक्टरबाईंनी बॅग उचलली. मुलगा फाटकापाशी जाऊन उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना पसरून. लहानपणी तो असाच उभा राहायचा, आई कामावर जाऊ नये म्हणून. आता मात्र त्यानं फाटक पुरतं अडवलं होतं.

"नाही जायचं, आई."

"बाजूला हो."

"पुन्हा मणका सरकला तर? डॉक्टर काय म्हणाले? हादरे टाळा."

"टाळलेत. डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाळलाय मी. हादरे गाडीत होते, ते काढून टाकले. तू मात्र गाडी सोडून मलाच काढायला निघालास."

"वय झालंय तुझं, हे तुला मान्यच करायचं नाही!"

"झालंय ना! कोण नाही म्हणतंय? पण वय माझं आहे, बाळा. ते ठेवणीत ठेवायचं की वापरायचं, मी ठरवणार." त्यांनी पट्टा धरला, लोंबकळल्या, पुटपुटल्या आणि सीटवर बसल्या. "एवढी काळजी वाटते तर बस शेजारी. मला तिथे दोन धड हात लागणारच आहेत. आणि नसेल बसायचं तर फाटक उघड. मी ते मोडून जाईन, आणि मग मडगार्डचा खर्च तुझ्या नावावर."

मुलानं फाटक उघडलं, धाडकन, आणि शेजारी येऊन बसला, धाडकन.

रस्ताभर तो समोर बघत होता. स्पीडब्रेकर आला तसा त्यानं डॅशबोर्ड घट्ट धरला. गाडी वर गेली आणि खाली आली. तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. पुढचा खड्डा, मग नाला. डॅशबोर्डवरची पकड केव्हा सैल झाली हे त्याला कळलं नसावं.

"तरीसुद्धा," तो म्हणाला.

"तरीसुद्धा काय?"

"काही नाही. तरीसुद्धा."

गोठ्यात गाय आडवी पडली होती, डोळे पांढरे करून. डॉक्टरबाईंनी हात धुतले, कुशीवर आडव्या झाल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घालून वासराचा दुमडलेला पाय चाचपला. पाय सरळ करायचं काम कसबाचं होतं, ते त्यांनी केलं. ओढायचं काम ताकदीचं होतं, ते त्यांना करायचं नव्हतं. ती मर्यादा त्या चांगल्या ओळखून होत्या. त्यांनी दोरी मुलाच्या हातात दिली.

"मी?" फरशांच्या दुकानदारानं विचारलं.

"कळ आली की ओढ. थांबली की थांब. गाईचं ऐक, माझं नको."

मुलानं ओढलं. घसरला, शेणात बसला, उठला, पुन्हा ओढलं. दूधवाली मागून त्याची कंबर धरून होती. शेवटी वासरू एकदम सुटलं आणि दोघं मागे कोलमडली, आणि वासरू त्याच्या मांडीवर. ओलं, गरम, नि निपचित. डॉक्टरबाईंनी वासराच्या नाकातला चिकटा काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, छाती चोळली. वासरू शिंकलं.

"अगं, जिवंत आहे!" मुलगा ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता.

घरी परतेपर्यंत दुपार कलली. सफेद बूटवाला गेला होता. मुलानं विचारलं तेव्हा सून म्हणाली, "मी पाठवून दिलं त्यांना."

"काय सांगून?"

"गाडी विकायची नाही म्हणून." एवढं बोलून ती आत गेली. तिचं तेवढं लांब वाक्य घरात पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. मग आतून तिचा आवाज आला, "आई, पाठ कशी आहे तुमची?"

"दुखतेय थोडी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोठ्याची जमीन कडक आहे."

अंघोळ करून मुलानं बहिणीला फोन लावला. तो हळू आवाजात बराच वेळ बोलला. ओट्यावर बसलेल्या आईला 'गट्टू' आणि 'वासरू' एवढेच शब्द ऐकू आले. मग त्यानं कानापासून फोन दूर धरला. पलीकडचा आवाज अंगणापर्यंत पोचत होता. "घे," म्हणून त्यानं तो आईच्या हातात दिला.

"आई, तुला काही कळतं का? त्याला तुझी समजूत काढायला सांगितलं तर तो पण तुझ्या बाजूनं बोलायला लागलाय! तू—"

फाटकाबाहेर कुणीतरी सायकलवरून उतरून हाक मारत होतं. खालच्या वस्तीवरचा माणूस. त्याच्या बकऱ्या चरायच्या थांबल्या होत्या.

"ओरड बाई, ओरड," डॉक्टरबाई चपला पायात सरकवत म्हणाल्या. "पण जरा भराभर. मला निघायचंय."